खुर्ची ओढायची न्हाय

माझी नातवंडं, ईशा आणि नील, कॅनडात राहतात. गेल्या गणपतीत ईशाने तिकडच्या मराठी मंडळाचा एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन नाचत होती आणि एका सुरात ओरडत होती, "ओढायची न्हाय, उचलायची!" खाली ईशाने लिहिलं होतं, "आजी, हे तुमच्या कोल्हापूरचं गाणं आहे म्हणे. यातल्या काकू कोण गं?"

तर ईशा, त्या काकू म्हणजे मी.

फोनवर सांगायला गेले तर तुम्हा दोघांना दर तीन मिनिटांनी कुठेतरी जायचं असतं. म्हणून लिहून काढते आहे. या अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या होत्याच, तेव्हा एका फेरीत दोन कामं होतील. बाकीच्या वाचकांनी आजी-नातवंडांच्या बोलण्यात येऊन बसायला माझी काहीच हरकत नाही.

मी काय काम करायचे हे तुमच्या आईलाही धड सांगता येत नाही. "आईचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता," असं ती म्हणते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मोठमोठे गायक येत असतील. आमच्याकडे रिक्षा यायच्या. टपावर दोन भोंगे बांधून गावभर फिरणाऱ्या रिक्षा तुम्ही सुटीत आलात तेव्हा पाहिल्या असतील. साड्यांचा सेल, कुस्तीचं मैदान, ग्रामपंचायतीची निवडणूक, हरवलेली म्हैस, जे काही गावाला सांगायचं ते त्या भोंग्यांतून. तो आवाज भरायचं काम आमचं. शिवाजी पेठेत घराच्या मागच्या खोलीत तुमच्या आजोबांनी भिंतींना जुन्या गाद्या ठोकून रेकॉर्डिंगची सोय केली होती. मजकूर मी लिहायचे, बऱ्याचदा बोलायचेही मीच, यंत्र आजोबा चालवायचे. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले. त्या शिक्षणाचा या धंद्यात उपयोग एवढाच, की यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत असायची आणि ती वाचायला घरात मी एकटीच होते. आजोबा गेले आणि यंत्रासमोर मला बसावं लागलं, तेव्हा सगळ्या बटणांची नावं पाठ होती. फक्त त्यांना हात लावायचा राहिला होता.

काम वाटतं तितकं सोपं नाही. रिक्षा माणसाच्या चालीने जाते. दारात उभ्या असलेल्या बाईला तिचा आवाज येतो, वाढतो, समोरून जातो आणि वळणावर संपतो. तेवढ्यात काय, कुठे आणि कधी हे तिन्ही तिच्या कानात पडलं पाहिजे. म्हणून वाक्य छोटं, ठिकाण दोनदा, वार तीनदा. दोन घोषणांच्या मध्ये अर्धा मिनिट संगीत घालायचं, त्याला आम्ही भराव म्हणायचो. नुसतीच घोषणा वाजत राहिली तर लोकांचे कान बंद होतात. भराव फार चांगला झाला तर लोक घोषणा विसरतात. भराव आमटीतल्या गुळासारखा असावा. आहे हे कळू नये, नसला तर चुकचुकल्यासारखं व्हावं. शिवाय तो बिनमालकीचा हवा, नाहीतर ज्याचं गाणं तो भांडायला दारात. अशा कुणाचंच नसलेल्या संगीताची माझ्याकडे एक यादी होती. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, पुढे दोन-तीन शब्दांत वर्णन. 'क्रमांक ४, सनई, संथ.' 'क्रमांक ९, हलगी, जलद.' या यादीचा मला फार अभिमान होता. तो का गेला, तेच सांगते आहे.

स्टुडिओच्या दारावर माझ्या अक्षरात सात नियम लावलेले होते. लोक त्यांना हसायचे, पण एकेक नियम एकेका गिऱ्हाइकाने शिकवलेला होता. हुपरीहून पैंजणांचे एक व्यापारी आले होते. जाहिरातीत त्यांना पैंजणांचा खरा आवाज हवा होता, म्हणून बरोबर पत्नीला आणलं होतं. ती माउली खोलीभर चालली, आवाज सुंदर आला, आणि प्रत्येक वेळी तिच्या चपलांनी तो खाऊन टाकला. तेव्हापासून 'चपला बाहेर'. नेसरीचे एक उमेदवार भाषण भरायला आले. आपली निशाणी सांगायची वेळ आली की नेमकी त्यांना उबळ यायची. चौथ्या वेळी त्यांचे कार्यकर्तेच म्हणाले, "आण्णा, तुम्ही खोकाच. निशाणी आमी सांगतो." म्हणून 'खोकायचे असल्यास आधी सांगावे'. 'पाणी बाहेर', 'मोबाइल नुसता गप्प नको, बंद हवा', 'वेळेआधी पाच मिनिटे यावे' आणि 'वाद घालायचा असल्यास गल्लीत' यांच्याही अशाच कथा आहेत. चौथा नियम सगळ्यांत ठळक लिहिलेला होता. 'खुर्ची ओढू नये, उचलावी.' शहाबादी फरशीवर लोखंडी खुर्ची ओढली की जो आवाज होतो, तो कुठल्याही यंत्राने पुसता येत नाही. तो एक आवाज मी माझ्या खोलीत कधीही होऊ दिला नव्हता.

चारेक वर्षांपूर्वी नवरात्राच्या सुमाराला चार मुलं आली. आश्विनातल्या उन्हात चौघांच्याही अंगात काळे शर्ट. त्यांचा रॉक बँड होता, नाव 'फुफाटा'. पुण्या-मुंबईचे स्टुडिओ परवडणारे नव्हते आणि आमच्या खोलीतली शांतता चांगली आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. गायक समीर. त्याला मी लहानपणापासून ओळखत होते, कारण त्याचे वडील दस्तगीर मास्तर हे आजोबांचे जुने स्नेही. मास्तरांचा लग्नाचा बँड आहे, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. मास्तर क्लॅरिनेट वाजवतात. वरातीत त्यांचं क्लॅरिनेट सुरू झालं की घोडासुद्धा नीट चालतो, असं आजोबा म्हणायचे.

समीरने पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. मास्तरांना वाटायचं, पोराने लाल कोट घालून बँडमध्ये उभं राहावं. समीरला स्वतःची गाणी करायची होती. घरात रोज तोच विषय. शेवटी मास्तरांनी एक अट घातली होती.

"अब्बा म्हणाले, गल्लीत कुणीतरी तुझं गाणं गुणगुणू दे. त्या दिवशी मी तुझ्यासमोर बसून ऐकीन. न्हायतर तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतोय, कोट तयार हाय."

"आणि ऐकून आवडलं नाही तर?" मी विचारलं.

"नाही आवडलं तरी चालंल, काकू. एकदा बसून ऐकू देत."

गाण्याचं नाव 'भिंतीपलीकडं'. संथ होतं. मी ते भरताना माझं सगळं लक्ष काट्यावर होतं, आवाज लाल रेघेपलीकडे जातो का ते पाहत होते. शब्द माझ्या कानावरून गेले. याची खंत पुढे येईलच.

मुलं शिस्तीची होती, पण मी त्यांना छळलं हे मान्य करते. ड्रम वाजवणारा संभाजी दर वेळी उठताना खुर्ची ओढायला जायचा आणि मी यंत्रापुढच्या काचेपलीकडून बोट वर करायचे. तिसऱ्या दिवशी मी माईकची पातळी तपासत होते. माझ्याकडे तपासणीला 'हॅलो हॅलो' चालत नसे, गाणाऱ्याने पूर्ण गळ्याने गायचं. समीर कंटाळला होता. त्याने समोर दारावर पाहिलं आणि माझे नियमच गायला सुरुवात केली.

"चपला बाहेर, पाणी बाहेर, मोबाइलचा जीव घ्या, खोकला आला तर काकूंना सांगा, काकू म्हणाल्या की खोकून घ्या." मग संभाजीने ड्रमवर हाणलं आणि चौघंही ओरडले, "खुर्ची ओढायची न्हाय, उचलायची! उचलायची!"

दोन मिनिटं हा दंगा चालला. मी काचेमागे होते आणि यंत्र सुरू होतं. संपल्यावर त्यांना एकदम कळलं की मी सगळं ऐकलंय. समीरचा चेहरा उतरला.

"ते पुसून टाका, काकू. ते आमचं न्हवंच."

मी हो म्हटलं. पण माझ्या हातून काही पुसलं जात नाही. पुसायचं नाही, क्रमांक देऊन ठेवायचं, ही माझी पद्धत. आता हे ठेवायचं कुठे? मुलं म्हणाली, आमचं नाही. माझं तर नव्हतंच. कुणाचंच नाही म्हटल्यावर माझ्या नियमाप्रमाणे त्याची जागा एकच होती. मी यादीत लिहिलं, 'क्रमांक १४, पुरुष आवाज, ढोल, आनंदी.' आणि समाधानाने चहा टाकला.

दसरा झाल्यावर मुलांनी 'भिंतीपलीकडं' मोबाइलवर सगळीकडे टाकलं. ऐकणाऱ्यांचा आकडा फार हलेना. जो होता त्यात मी दोनदा मोजली गेले असेन. समीर दिवसाआड येऊन विचारायचा, "काकू, गल्लीत कोण म्हणालं का हो?" गल्लीत कोणी म्हणत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका मोफत नेत्रतपासणी शिबिराची जाहिरात आली. भोंग्याची रिक्षा तानाजीची. तो माझा सगळ्यांत जुना रिक्षावाला, आणि त्याची तक्रार ठरलेली.

"काकू, ती सनई नगा देऊ. मलाच डुलकी लागती. कायतर जिवंत द्या."

मी यादी उघडली. 'आनंदी' हा शब्द दिसला. चौदा नंबर दिला. माझी यादी म्हटल्यावर परत ऐकून पाहायचं कारणच काय?

तानाजीने तीन दिवस पेठापेठांतून रिक्षा फिरवली. मोफत नेत्रतपासणी, रविवारी, सकाळी नऊपासून. लगेच, चपला बाहेर, पाणी बाहेर, मोबाइलचा जीव घ्या. रविवारी, रविवारी. खुर्ची ओढायची न्हाय, उचलायची. त्याला काही वावगं वाटलं नाही. त्याला वाटलं, डॉक्टरच कडक असतील.

लोकांनाही तेच वाटलं. सोमवारी शिबिराच्या डॉक्टरांचा फोन आला. मी घाबरले, वार चुकला की काय. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं शिबिरं घेतो, अशी शिस्त पाहिली नाही. मंगल कार्यालयाच्या बाहेर चपलांच्या सरळ रांगा. एकाचाही मोबाइल वाजला नाही. म्हातारी माणसं खुर्च्या दोन्ही हातांनी उचलून पुढे सरकत होती. आणि एक आजोबा प्रत्येक वेळी हात वर करून विचारायचे, खोकू का? डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "तुमच्या त्या काकू कोण? लोक सारखं विचारत होते, काकू कुठं बसल्यात?"

फोन ठेवला आणि मी चौदा नंबर लावून ऐकला. आयुष्यभर लोकांना यादी करा, नोंद ठेवा, असं सांगत आले, आणि गावभर माझं हसं माझ्याच यादीने केलं होतं.

तोवर गाणं माझ्या हातातून गेलं होतं. शिबिराच्या रांगेत कुणीतरी मोबाइलवर खुर्च्या उचलणाऱ्या म्हाताऱ्यांचा व्हिडिओ काढून, मागे रिक्षाचा आवाज जोडून पाठवून दिला होता. चार दिवसांत शाळेची पोरं दप्तर उचलताना "उचलायची!" म्हणायला लागली. फुटबॉलच्या मॅचला प्रेक्षक पडलेल्या खेळाडूला बघून तेच ओरडायचे. मी मंडईत पिशवी उचलायला वाकले तर भाजीवाली म्हणाली, "मावशी, वडायची न्हाय बरं का." मी काकू आहे हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

समीर आला तो रडकुंडीला येऊनच. "सगळं गाव गुणगुणतंय, काकू. आणि काय गुणगुणतंय, बघा की. आता अब्बांना कोणत्या तोंडानं सांगू?" फुफाटाचं नाव अजून कुणाला कळलं नव्हतं. ते कळूच नये अशी त्याची इच्छा होती. चूक माझी होती, मी तशी कबूलही केली. पण कबुलीने त्याचं काही भागणार नव्हतं.

सांगायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीर मास्तर पोराचा दंड धरून माझ्या दारात उभे.

"वहिनी, पोराचा आवाज बापाला कळत न्हाय व्हय? भोंग्यातनं आला म्हणून काय झालं? तुमच्यासारख्या बाईची टिंगल करतोय ह्यो. माफी माग."

समीरने मान खाली घातली. मी त्याला थांबवलं आणि मास्तरांना सगळं सांगितलं. क्रमांक चौदा, यादी, आनंदी हा शब्द, सगळं. शेवटी म्हटलं, "मास्तर, माफी मागायची तर मीच त्याची मागायला हवी. त्याने पुसायला सांगितलं होतं."

मास्तरांनी दारावरचे सात नियम एकदा वरून खाली वाचले. त्यांच्या मिशा हलल्या. मग मात्र ते गंभीर झाले.

"लग्नाच्या पार्ट्या यायला लागल्यात. पंधरा जणांनी विचारलं, ते खुर्चीचं गाणं वाजवता का. मी न्हाय म्हणून सांगितलं. तुमच्यावरचं गाणं तुमच्या परवानगीबिगर माझ्या बँडमधून निघणार न्हाय."

ईशा, नील, खरं सांगते, त्या क्षणी नाही म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. भाजीवालीपर्यंत ठीक होतं. वरातीत, घोड्यापुढे, माझा खोकल्याचा नियम? पण समीर माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "वाजवा. फक्त भसाभसा नको. सुरात वाजवा."

"माझ्या बँडला हे सांगताय, वहिनी?" मास्तर म्हणाले, आणि आता खरोखर हसले.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. अटीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. समीरने लाल कोट घातला. हातगाडीवरच्या माईकपुढे उभा राहून तोच ते गाणं म्हणायचा आणि मागे मास्तरांचं क्लॅरिनेट. "उचलायची" आलं की मित्र नवरदेवाला खांद्यावर घ्यायचे. संभाजीही ताशावाल्यांत सामील झाला. फुफाटाचं नाव आता सगळीकडे झालं. मुंबईहून बोलावणी आली, मुलाखती झाल्या. प्रत्येक मुलाखतीत समीर 'भिंतीपलीकडं'चा विषय काढायचा आणि विचारणारा म्हणायचा, "हो हो, पण आधी खुर्चीचं होऊ दे." माझ्याकडे आला की तो हसून सांगायचा. पण जाताना चप्पल घालायला त्याला जरा जास्तच वेळ लागायचा.

मी त्याला एकदा विचारलं, अब्बांना आठवण का करून देत नाहीस? तो म्हणाला, "गल्लीनं गुणगुणलं ते हे गाणं, काकू. मी ते घेऊन कसा मागू?"

सीझन संपला. आषाढातल्या एका दुपारी दारावर टकटक झाली. दस्तगीर मास्तर एकटेच होते. त्यांनी छत्री बाहेर ठेवली, चपला बाहेर काढल्या, खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर बंद केला. हे सगळं इतकं मन लावून केलं की मला हसू येईना.

"वहिनी, ते दुसरं गाणं तुमच्याकडं असंल. तुम्ही कायच पुसत न्हाय म्हणं."

"मोबाइलवरही आहे, मास्तर. समीरला सांगितलं असतं तर त्याने लावून दिलं असतं."

"त्याच्यासमोर आधीच कसं ऐकू? बँडचा मालक हाय मी. तोंडावर काय उमटलं तर पोराला दिसंल."

मी 'भिंतीपलीकडं' लावलं. मास्तर उभेच राहिले, हात मागे बांधून, परीक्षा घेतल्यासारखे. आणि त्या दिवशी पहिल्यांदा, काट्याकडे न बघता, मीही ते गाणं ऐकलं. एक लहान मुलगा अंथरुणात पडलेला आहे. पहाट व्हायची आहे. भिंतीपलीकडे कुणीतरी क्लॅरिनेटवर एकच सूर धरून बसलंय, चुकतंय, परत धरतंय. मुलगा डोळे मिटून पडून राहतो. आपण जागे आहोत हे कळलं तर वाजवणारा थांबेल, अशी त्याला भीती आहे.

हे गाणं याच खोलीत, माझ्या हाताखाली भरलं गेलं होतं. आणि मी आवाज लाल रेघेपलीकडे जाऊ नये एवढंच पाहिलं होतं.

गाणं संपलं. मास्तर गाद्यांच्या भिंतीकडे बघत होते.

"मला वाटायचं, झोपलेला असतोय," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी घसा साफ केला. "दुसऱ्या कडव्याला दम कमी पडलाय. पोटातनं सोडत न्हाय श्वास. तेवढं मी बघतो." मग म्हणाले, "त्याला फोन करून बोलवा, वहिनी. आणि गाणं परत पयल्यापासनं लावा. मी बसून ऐकीन असा शब्द दिलाय."

समीर दहा मिनिटांत आला, पावसात भिजलेला, धापा टाकत. वडिलांना आत उभं पाहून दारातच थांबला. मी यंत्र सुरू केलं. गाण्याचे पहिले सूर आले, आणि मास्तरांनी मागे न बघता हात पसरून खुर्ची पकडली आणि ती शहाबादी फरशीवरून तीन फूट ओढत आणून माझ्या यंत्रापुढे, समीरच्या समोर बसले.

तो आवाज गाद्यांनाही शोषता आला नाही. समीरने दचकून माझ्याकडे पाहिलं.

मी बोट वर केलं नाही.